कुर्डुवाडीची अरुंद गाडी : धुराडे, सुटे भाग आणि एंजिनाची ओळख

बार्शी लाइट रेल्वेचा इतिहास लिहिताना एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याच्या धडाडीचे वर्णन पुष्कळ होते; परंतु त्याच्या योजनेतील ज्या अंगामुळे ही गाडी टिकली, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडी स्थानकापासून बार्शीपर्यंत सुरू झालेल्या या अडीच फुटी मार्गावर प्रत्येक वाहनाच्या आसाचा भार ५ टनांपर्यंतच ठेवावयाचा, असा त्याचा कटाक्ष होता. एंजिने लीड्सच्या किटसन कारखान्याची. भार सारखा ठेवल्यामुळे रूळ हलके वापरता आले, हा लाभ उघडच होता. आसावरील भार व घडण यांत असा मेळ असला, म्हणजे एका वाहनाचा निरुपयोगी झालेला भाग दुसऱ्याच्या कामी आणणे सुकर होते. आणि सुटे भाग इंग्लंडहून जहाजाने मागवावे लागत त्या काळात ही सोय लहानसहान नव्हे.

वाफेच्या एंजिनात लवकर झिजणाऱ्या भागांपैकी एक म्हणजे धुराचा भाग. मोटारगाडीत जळलेला वायू बाहेर टाकणे व आवाज दाबणे एवढेच या नळीचे काम. एंजिनात मात्र सिलिंडरातून निघालेली वाफ अरुंद तोटीतून धुराड्यात सोडली जाते. ती सोबत धूर ओढून नेते व त्यामुळे भट्टीत वारा खेळतो. तोटी अधिक अरुंद केली, तर आग फुलते, पण दट्ट्यावर उलटा दाब येतो. गंधकयुक्त कोळशाची राख व ओल मिळून आम्ल बनते आणि पुढच्या पेटीचा पत्रा तळाशी खातो. जुन्या मोटारीचा सायलेन्सरही असाच आतून गंजतो. मराठी गॅरेजात तर इंजिनापासून मागल्या टोकापर्यंतच्या साऱ्या नळीला ‘सायलेन्सर’ हेच एक नाव आहे. भागाचे नाव समग्र यंत्रणेला मिळाले, हे भाषाशास्त्रीय दृष्ट्याही लक्षणीय होय.

यावरून एक वाद उपस्थित होतो. जुने वाहन जतन करताना मूळचेच धुराडे वा मूळचीच नळी हवी, असा आग्रह धरला जातो. तो असमर्थनीय वाटतो. जो भाग बदलण्यासाठीच घडविला, तो नवा बसविल्याने वाहनाचे मूळपण हरपत नाही. उलट ओतीव सिलिंडर, चाके, आस हे भाग मोडीत काढून त्यांच्या जागी चकचकीत नवे बसविणे, ही खरी हानी. रेल्वेच्या कार्यशाळांत बॉयलर एका एंजिनावरून दुसऱ्यावर जात, क्रमांक मात्र चौकटीसोबत राही. मोटारीच्या नोंदणीतही चॅसिसचा क्रमांक हाच आधार असतो. म्हणून केवळ क्रमांकावरून ‘हे तेच एंजिन’ असे म्हणणाऱ्या इतिहासकाराने ‘तेच’ या शब्दाचा अर्थ आधी ठरविला पाहिजे.

हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला व १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला आणि १९५४ मध्ये भारत सरकारने तो विकत घेतला. बार्शीच्या धर्तीवर इंग्लंडात १९०४ साली सुरू झालेली लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे १९३४ साली बंद पडली; तिची दोन्ही एंजिने भंगारात गेली. मिरज–पंढरपूरची अरुंद गाडी त्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ धावत राहिली.