वेलांटी आधी की अक्षर आधी

कऱ्हाडला मामाच्या घरी दिवाळीच्या फराळावर भांडण ठरलेलं असे, आणि ते कधी जमिनीवरून किंवा पैशांवरून नसे. पहिल्या वेलांटीवरून असे. ‘कि’ उमटवायचा तर आधी वेलांटीची कळ दाबायची की आधी क ची? मामा म्हणायचा, वेलांटी. दादा, म्हणजे त्याचा थोरला, पुण्याला कॉम्प्युटर शिकून आलेला, म्हणायचा, क. मामी चकलीचा डबा दोघांच्या मधोमध आदळायची आणि म्हणायची, “आधी खा.”

मला तेव्हा हा सगळा प्रकार विनोदी वाटे. पुढे भाषांतराच्या कामात रोज आठ-आठ तास मराठी टाइप करायची वेळ आली, तेव्हा कळलं की माझंही याबाबतीत ठाम मत आहे आणि ते बदलायची माझी अजिबात तयारी नाही.

भांडणाचं मूळ मात्र आजोबांपाशी. आईचे वडील छापखान्यात कंपोझिटर होते. समोर, डावीकडे, उजवीकडे खिळ्यांच्या केसा, डाव्या हातात स्टिक, आणि उजवा हात चिमणीसारखा खणाखणांत टिपत फिरणारा. इंग्रजी जुळवणाऱ्याचं लहान-मोठी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं सगळं धरून दीडशेच्या आत भागतं. नागरीला जोडाक्षरांसकट कित्येक शे खिळे लागत, आणि तेही उलटे वाचायचे. आजोबा म्हणायचे, “मला आरशातली मराठी जास्त चांगली येते.” निर्णयसागरच्या जावजी दादाजींचं नाव ते देवाचं घ्यावं तसं घेत. १८६९ साली मुंबईत सुरू झालेला तो छापखाना त्यांनी काही पाहिलेला नव्हता. पण राणोजी आरूंनी कोरलेल्या अक्षरांची वळणं ते बोटाने हवेत काढून दाखवत.

त्यांच्या तरुणपणीचा वाद लिपीसुधारणेचा. खिळे कमी करायचे म्हणून सावरकरांनी अ ची बाराखडी सुचवली होती. इ ऐवजी अि, ई ऐवजी अी, उ ऐवजी अु. काही नियतकालिकं तशी छापलीही जात. आजोबांच्या छापखान्याचे मालक या सुधारणेच्या बाजूचे आणि एक शाळामास्तर गिऱ्हाईक विरुद्ध बाजूचं. मास्तर पत्रिका छापायला आले की दोन-दोन तास हटायचे नाहीत. एकाचं म्हणणं, निम्मा वेळ वाचेल. दुसऱ्याचं म्हणणं, मी पोरांना इ शिकवायचा आणि तुम्ही अि छापायचा, हा काय चावटपणा. दोघेही आजोबांकडे वळून विचारायचे, तुमचं काय मत? आजोबांचं मत मालकाला परवडणारं नव्हतं, म्हणून ते गप्प बसत. आम्हाला मात्र सांगितलं होतं. नव्या पद्धतीने सहा खिळे वाचले हे खरं. “पण माझा हात सहा महिने त्या रिकाम्या खणात जात होता. इ च्या खणात. हात घालायचा, काही लागायचं नाही, आणि ओळ कुठं होती तेच विसरायचो.”

मामाने छापखाना धरला नाही. १९७४ साली त्याने बसस्टँडजवळच्या एका माडीवर टायपिंग क्लास काढला. सहा मशिनं, त्यांतली चार सेकंडहँड. आजोबा एकदा जिना चढून आले, एका मशीनपुढे बसले आणि म्हणाले, भ कुठाय? मामाने दाखवलं. आधी अर्धा भ्, मग काना. टंकयंत्राला कळा पंचेचाळीसच्या आसपास, प्रत्येकीवर दोन चिन्हं, म्हणजे सगळी मराठी नव्वदीत बसवायची. मग भ, ध, ण, श यांचे तुकडे करणं आलंच. आजोबा म्हणाले, “आम्ही अक्षरं जुळवतो. तुम्ही तोडता.” आणि उतरून गेले. मामा ही गोष्ट हसत सांगायचा, पण दर वेळी सांगायचा.

त्या माडीवर मी उन्हाळ्याच्या सुट्टीत बसलेली आहे. सहा मशिनांचा ताशा, ओळ संपली की घंटी, रोलर ढकलल्याचा कर्र आवाज, रिबिनीचा आणि कार्बनचा वास. पुण्याच्या परीक्षा परिषदेची ‘मराठी तीस’ म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास झाली की कारकुनीचा अर्ज करता येई. त्यामुळे मशीनपुढे बसलेली पोरं-पोरी सरळ पाठीने, परीक्षेला बसल्यासारखीच बसत. खाली बघणाऱ्याच्या हातांवर मामा पंचा टाकायचा. पंच्याखाली बोटं चालायची, आणि कागदावर आधी एक एकटी वेलांटी उमटायची, मागून तिचं अक्षर येऊन उभं राहायचं. दुसरा इलाजच नव्हता. कागदाचा गाडा एकाच दिशेला सरकतो, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डाव्या अंगाला असते. जे डावीकडे ते आधी.

दादाचा मुद्दा याच्या बरोबर उलटा. “बाबा, कॉम्प्युटरला डावं-उजवं नसतं. तो उच्चार साठवतो. बाराखडी म्हणताना तुम्ही काय म्हणता? क ला पहिली वेलांटी कि. आधी कोण आलं?”

“म्हणताना क आला. दिसताना वेलांटी आली. मी टायपिंग शिकवतो, बाराखडी नाही.”

दादा ज्या कळफलकाच्या बाजूने भांडत होता तो इनस्क्रिप्ट. सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली आखलेला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि क ची कळ मराठीत, गुजरातीत, बंगालीत एकाच जागी. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं आणि पुढे पुण्याच्या सीडॅकमध्ये वाढलेलं जिस्ट हे तंत्र, त्याचं कार्ड पीसीत बसवलं की इंग्रजी पडद्यावर नागरी उमटायची. अक्षर कसं साठवायचं याचं प्रमाण, इस्की, १९९१ साली भारतीय मानक झालं. दादा या सगळ्याचं वर्णन आजोबा निर्णयसागरचं करत तसं करायचा, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मला विचाराल तर इनस्क्रिप्ट ही फार डोक्याने केलेली मांडणी आहे. आठवड्यात येते. पण ज्याच्या बोटांत वीस वर्षांचा दुसरा नकाशा आहे, त्याला तो आठवडा कोण देणार?

बाजाराने तर वेगळंच केलं. दुकानादुकानांतून नागरी फाँट आले. बहुतेकांत मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराला घातलेला मुखवटा. फाँट आहे तोवर मराठी, फाँट नाही तर मुखवटा गळून पडतो. मामाने संगणक घेतल्यावर एका संस्थेचा अहवाल टाइप करून फ्लॉपीवर घातला आणि एसटीने पुण्याला छपाईला नेला. तिथे फाइल उघडली. ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं. दीडशे पानं तशीच. मामा रात्री परत आला आणि चप्पल न काढता म्हणाला, “माझं मशीन कागदावर जे मारायचं ते पुण्यात पण तेच दिसायचं.” याला दादाकडे उत्तर नव्हतं. त्या दिवाळीत वेलांटीचा विषय निघाला नाही.

हा रोग मराठी घरापुरता नाही, हे दादामुळेच कळलं. त्याच्या मित्रमंडळात ‘व्हीआय’ आणि ‘ईमॅक्स’ असे दोन पंथ होते. दोन्ही मजकूर लिहायचे, प्रोग्रॅम लिहायचे साधे एडिटर, दोन्ही १९७६ च्या सुमाराचे. एक बर्कलीच्या बिल जॉयचा, दुसरा एमआयटीत रिचर्ड स्टॉलमनच्या हातून आकाराला आलेला. त्यावरून पंचवीस-पंचवीस वर्षांची माणसं एकमेकांचं तोंड बघत नसत. दादा व्हीआयवाला. त्यात कर्सर हलवायला एच, जे, के, एल या कळा वापरतात, आणि दादा त्याची महती सांगायचा की बोटं घरच्या ओळीतून उठतच नाहीत. गंमत अशी की बिल जॉयने तो ज्या टर्मिनलवर लिहिला, त्याच्या त्या चार कळांवर बाण छापलेले होते, म्हणून त्या निवडल्या गेल्या. मी म्हटलं, म्हणजे तुझ्या गुरूचंही मामासारखंच. मशीन समोर होतं तसा नियम झाला. दादा दोन दिवस बोलला नाही.

इनस्क्रिप्टमध्ये त्याच चार कळांवर प, र, क, त बसतात. दादाने एकदा व्हीआयमध्ये मराठी लिहून, कळफलक इंग्रजीवर न आणता खाली जायला जे दाबलं. मशीन फक्त टूं टूं करत राहिलं. मामा खुर्ची ओढून शेजारी बसला. म्हणाला, “पंचा आणू का?”

असल्या भांडणांना नाव देणारा माणूस डॅनी कोहेन. संख्येतला कुठला बाइट आधी साठवायचा, मोठ्या टोकाचा की लहान टोकाचा, यावर संगणकवाले हमरीतुमरीवर आले होते. कोहेनने १ एप्रिल १९८० ही तारीख घालून एक टिपण लिहिलं आणि दोन्ही पक्षांना ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधल्या लिलिपुटच्या लोकांची नावं दिली, जे अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून लढाया करतात. ती नावं आजही पाठ्यपुस्तकांत आहेत. कोहेनचं म्हणणं होतं की कुठलंही टोक घ्या, पण सगळ्यांनी एकच घ्या. दादाने हे मोठ्या खुशीत सांगितलं. मामा म्हणाला, “मग घ्या की माझं.”

युनिकोड आलं आणि वाटलं, संपलं आता. विंडोज २००० मध्ये र. कृ. जोशींचा मंगल फाँट होता, फाइल कुठेही उघडा, मराठी मराठीच दिसे. दादाने पहिली गोष्ट कुठली टाइप केली असेल तर क्लासचा पत्ता. र, हलन्त, ह. पडद्यावर उमटलं: कर्हाड. रफार ह च्या डोक्यावर चढून बसलेला. मामाने चष्मा वर केला, खाली केला. “हे कुठलं गाव?”

मराठीला दोन अर्धे र लागतात. आचार्यांना दक्षिणा द्यायची, आचाऱ्यांना मजुरी द्यायची. वऱ्हाड, बिऱ्हाड, गाऱ्हाणं, तऱ्हा यांचं त्या दुसऱ्या र शिवाय चालत नाही. आजोबांच्या केसेत त्याला स्वतंत्र खिळा होता. संगणकवाले त्याला पापणीचा र म्हणतात, आणि तो काढायचे मार्ग दोन. एक, र आणि हलन्त यांच्या पुढे डोळ्यांना न दिसणारा, रुंदी नसलेला एक जोडक घालायचा. दुसरा इस्कीकडून आलेला. द्राविडी उच्चारासाठी नुक्ता दिलेला जो ऱ आहे, तो घ्यायचा आणि त्याला हलन्त लावायचा. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकच. पोटात वेगळे.

दादा ऱ वाला. त्याच्या जोडीला क्लासचं काम करायला आलेला त्याचा मित्र जोडकवाला. मित्र म्हणे, मराठीत नुक्त्याचा ऱ नाहीच, उगाच तमिळचं अक्षर कशाला उसनं आणायचं? दादा म्हणे, न दिसणाऱ्या चिन्हावर शुद्धलेखन टांगायचं, हे कुठल्या व्याकरणात बसतं? रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. दोघेही बरोबर होते आणि दोघांनी मामाच्या जुन्या विद्यार्थ्यांची यादी अर्धी-अर्धी टाइप केली.

यादी पुरी झाल्यावर दादाने ‘कऱ्हाड’ शोधलं. निम्मीच नावं आली. परत शोधलं. पडद्यावर खाली डोळ्यांना कऱ्हाड, कऱ्हाड, कऱ्हाड दिसतंय आणि यंत्र म्हणतंय, नाही. मामाने कपाटातून लाल कापडी बांधणीचं रजिस्टर काढलं, बोट थुंकीने ओलं केलं आणि मोजायला लागला. मामी दारातून म्हणाली, “एकाने आचार्य बोलावले, एकाने आचारी. जेवण कुणी करायचं?”

असंच पुढे ‘ॲ’ चं झालं. युनिकोडमध्ये २००८ साली त्याला स्वतंत्र जागा मिळाली आणि २००९ च्या शासन निर्णयाने वर्णमालेतही. तोवर लोकांनी अ वर चंद्र देऊन लाखो शब्द लिहून ठेवले होते. तेही दिसायला तेच, शोधायला वेगळे. माझ्या स्वतःच्या जुन्या फायलींत दोन्ही आहेत. मी रोज शिव्या देते आणि रोज दोन्हींनी शोधते.

टायपिंग क्लास बंद होऊन बरीच वर्षं झाली. मशिनं भंगारात गेली, एक तेवढं माडीवर आहे. गेल्या दिवाळीत गेले तर मामा लॅपटॉपवर बसलेला. वय ब्याऐंशी. दादाने त्याला युनिकोडमध्येच रेमिंग्टनचा, म्हणजे टंकयंत्रावरचाच जुना कळफलक घालून दिलाय, असं मामी म्हणाली. कधी दिला, कुणी मागितला, हे दोघांपैकी कुणीच सांगेना.

मी मागे उभी राहून बघत होते. मामाने आधी वेलांटी दाबली. पडद्यावर वेलांटी उमटली आणि तिच्या उजवीकडे टिंबाटिंबांचं एक रिकामं वर्तुळ. मग क दाबला. वर्तुळ गेलं, त्या जागी क आला. मी म्हटलं, मामा, तू आधी वेलांटी मारलीस, पण ते आत क आधी ठेवतंय आणि वेलांटी नंतर.

“आत काय करायचं ते करू दे,” मामा म्हणाला. “माझ्यासमोर नको.”

दादा फराळाचं ताट घेऊन आला होता. ऐकून न ऐकल्यासारखं करत त्याने ताट टेबलावर ठेवलं. मामाने पुढच्या शब्दाची वेलांटी दाबली होती, तेवढ्यात मामीने हाक मारली. तो उठला, हात धुवायला गेला. वेलांटी तशीच राहिली, आणि तिच्याशेजारी टिंबांचं वर्तुळ. दादाने एकदा कळफलकाकडे हात नेला आणि मागे घेतला.