धागा तुटला की माग थांबतो

आपल्या मराठवाड्यात बैल घ्यायचा म्हटला की चार जाणती माणसे बरोबर घेऊन बाजारात जाण्याची चाल आहे. कोणी दात पाहतो, कोणी खूर उचलून बघतो, कोणी वशिंडावर थाप मारतो आणि कोणी दोन पावले चालवून त्याची चाल न्याहाळतो. लाल कंधारी असो की देवणी, नुसत्या रंगारूपावर पैसे मोजणारा माणूस आमच्या परभणी जिल्ह्यात शोधूनही सापडायचा नाही. सगळे पाहून झाले तरी शेवटचा प्रश्न उरतोच : ‘बैल कोणाच्या दावणीचा?’ कारण जनावराची पारख दातांनी होते, पण भरवसा ठेवावा लागतो तो घरावर.

मोटारगाडीला दात नाहीत. मग तिची पारख कशी करायची? तीही आमच्या लोकांनी आपल्याच रीतीने केली. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड या वाटांवर काळ्यापिवळ्या जिपांनी वर्षानुवर्षे माणसे वाहिली. त्यांत बसून कंबर ढिली करून घेतलेल्या पिढीने २००० साली ‘क्वालिस’ पाहिली आणि २००५ साली ‘इनोव्हा’. बघता बघता ही टोयोटाची गाडी लग्नाच्या वऱ्हाडात आली, तिरुपतीच्या यात्रेला निघाली आणि पुढाऱ्यांच्या ताफ्यात जाऊन बसली. भाड्याने गाड्या देणाऱ्याला विचारा. तो गाडीच्या सौंदर्याबद्दल अवाक्षर काढणार नाही. गाडी किती लाख किलोमीटर पळाली आणि विकताना किती पैसे हाती आले, एवढे दोनच आकडे तो सांगेल. बैलबाजारातली तीच जुनी भाषा!

तेव्हा आपणही बाजाराच्या रिवाजाप्रमाणे विचारू या, की ही गाडी कोणाच्या दावणीची? या प्रश्नाचे उत्तर शोधत गेलो, की वाचकहो, आपण मोटारीच्या कारखान्यात न पोहोचता एका सुताराच्या घरी, हातमागापाशी जाऊन पोहोचतो.

१८६७ साली जपानमधील एका खेड्यात साकिची टोयोडा याचा जन्म झाला. बाप सुतार. मुलाने रंधा आणि करवत हाती घ्यावी, ही साधी अपेक्षा. पण गावातल्या घराघरांतून बायका मागावर राबत असत, आणि त्यांचे कष्ट कमी कसे होतील या ध्यासाने पोराला पछाडले. १८९० साली त्याने लाकडी हातमागात सुधारणा केली आणि पुढल्या वर्षी तिचे पेटंट मिळविले. त्यानंतर उभे आयुष्य त्याने मागातच घातले. १९२४ साली तयार झालेला त्याचा स्वयंचलित माग जगातल्या उत्तम मागांत गणला गेला.

या मागाची एक खुबी नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. विणताना धागा तुटला, की तो माग आपोआप थांबत असे. आता यात मोठे काय, असे एखाद्याला वाटेल. पण ज्यांनी माग पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, की तुटलेल्या धाग्यावर माग चालत राहिला तर वारच्या वार कापड खराब होते, आणि ते ध्यानात येईतो सूतही गेलेले असते आणि वेळही. म्हणून प्रत्येक मागापाशी डोळ्यांत तेल घालून माणूस उभा करावा लागे. साकिचीचा माग स्वतःच आपला दोष ओळखून थांबू लागला, तेव्हा एका माणसाला कित्येक माग सांभाळता येऊ लागले. यंत्राचे शहाणपण वेगाने धावण्यात असते असे सारे जग समजत होते, त्या काळात या सुताराच्या मुलाने यंत्राला वेळेवर थांबायला शिकविले. टोयोटाचा सारा इतिहास या एका गोष्टीत बीजरूपाने आहे, असे मला वाटते.

ज्या इंग्लंडने जगाला कापडगिरण्या शिकविल्या, त्याच इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने १९२९ साली या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. पुढच्याच वर्षी साकिची वारला. मुलगा किइचिरो याच्या मनाने मात्र मोटारीचा ध्यास घेतला होता. १९३३ साली मागांच्या कारखान्यातच त्याने मोटारीचे खाते उघडले. १९३५ साली मालमोटार तयार झाली, १९३६ साली प्रवासी मोटार बाजारात आली आणि १९३७ साली स्वतंत्र कंपनी उभी राहिली.

नावाचीही एक गंमत आहे. ‘टोयोडा’ या शब्दाचा अर्थ सुपीक भातखाचर. घराण्याचे नाव असे अस्सल शेतकरी वळणाचे! पण ‘टोयोटा’ असे लिहिले तर जपानी लिपीत आठ रेघांत काम भागते, आणि आठ हा आकडा तिकडे शुभ मानतात. उच्चारही सुटसुटीत होतो. तेव्हा भातखाचराला मुरड घालून ‘टोयोटा’ हे नाव पत्करले गेले. मुहूर्त पाहून गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्या आपल्या मंडळींनी यावर हसण्याचे कारण नाही.

पण शुभ आकड्याने यंत्र चालत नाही. त्या पहिल्या मालमोटारी वाटेत वारंवार मोडत. तेव्हा विक्रीचे काम पाहणाऱ्या शोतारो कामिया याने पवित्रा घेतला, की आधी गिऱ्हाईक, मग विक्रेता आणि सर्वांच्या शेवटी कारखाना. गाडी जिथे बंद पडेल तिथे कारखान्याची माणसे धावत, फुकट दुरुस्ती करीत आणि काय मोडले, कशाने मोडले याची नोंद घेऊन परत येत. त्या नोंदींवरून पुढची गाडी सुधारत असे. मालकाचे गाऱ्हाणे हीच त्यांची शाळा होती.

महायुद्धात जपान बेचिराख झाला. १९५० साली कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. सुमारे २००० कामगारांना काम सोडावे लागले, मोठा संप झाला आणि त्याची जबाबदारी घेऊन किइचिरो अध्यक्षपदावरून पायउतार झाला. लगेच कोरियात युद्ध पेटले, अमेरिकन लष्कराने मालमोटारी मागविल्या आणि कंपनी तगली. पण १९५२ साली, वयाच्या अवघ्या ५७ व्या वर्षी, किइचिरो गेला. आपल्या मोटारी जगभर धावताना पाहण्याचे भाग्य त्याच्या कपाळी नव्हते.

बापाच्या मागाचे तत्त्व पुढे कारखान्यात रुजविले ते ताइची ओनो या कारखानदारीतल्या पंतोजीने. हाही मूळचा टोयोडांच्या सूतगिरणीतलाच. कामगाराला दोष दिसताच त्याने दोरी ओढावी व काम थांबवावे, साहेबाची वाट पाहू नये, अशी शिस्त तिथे पडली. आणि दोष सापडला की पाच वेळा ‘का?’ विचारायचे. यंत्र का थांबले? भार वाढून फ्यूज उडाला म्हणून. भार का वाढला? बेअरिंगला वंगण पोहोचले नाही म्हणून. वंगण का पोहोचले नाही? पंपाने ते नीट ओढले नाही म्हणून. पंप का ओढीना? त्याचा दांडा झिजला म्हणून. तो का झिजला? गाळणी नसल्याने आत लोखंडाचा कीस गेला म्हणून! पहिल्या ‘का’शी थांबणारा नवा फ्यूज घालून घरी जातो आणि उद्या पुन्हा धावत येतो. पाचव्यापर्यंत जाणारा एक गाळणी बसवितो आणि निश्चिंत होतो. वर्गात सारखे ‘का’ विचारणाऱ्या पोराला गप्प बसविणाऱ्या आम्हा मास्तर लोकांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

१९५७ साली ही मंडळी हौसेने अमेरिकेत आपली ‘क्राउन’ मोटार घेऊन गेली आणि तोंडघशी पडली. जपानच्या अरुंद रस्त्यांवर बरी चालणारी ती गाडी तिकडच्या लांबच लांब हमरस्त्यांवर तापू लागली, थरथरू लागली. हात आखडता घ्यावा लागला. परत जाऊन त्यांनी पुन्हा ‘का’ विचारायला सुरुवात केली. १९६६ साली ‘कोरोला’ निघाली आणि पुढे ती जगात सर्वांत अधिक खपलेली मोटार ठरली.

आता जरा आपल्या अंगणात येऊ. साकिचीनंतर दोनच वर्षांनी, १८६९ साली, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा राजीनामा देऊन हा मानी मास्तर बाहेर पडला. बेळगावात बंधू रामुअण्णांबरोबर त्यांनी सायकलींचा धंदा केला, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर काढले. लोखंडाने जमिनीत विष पसरते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले काही नांगर खपायला दोन वर्षे लागली. १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या, निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा करवीरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि तोफांचे नांगर झाले! याच वाडीतून १९२० साली निघालेल्या मासिकाने पुढे मराठी घराघरांत वाचनाची गोडी लावली, हे दिवाळी अंकांच्या वाचकांना सांगायला नकोच.

एकाने माग सुधारला, दुसऱ्याने नांगर. दोघांनीही सामान्य माणसाच्या हातातले रोजचे अवजार पाहिले आणि ते अधिक चांगले का होऊ नये, असे विचारले. ही दोन घराणी एकत्र आली ती त्यांच्या पणतू-नातवांच्या काळात. १९९५ साली बंगळूरला किर्लोस्कर आणि टोयोडा यांनी मिळून सूत कातण्याच्या यंत्रांचा कारखाना काढला. इथेही सुताची यंत्रे आधी आणि मोटार नंतर, हा क्रम चुकला नाही! १९९७ साली लक्ष्मणरावांच्या चौथ्या पिढीतील विक्रम किर्लोस्कर यांच्या सहभागाने टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली आणि बंगळूरजवळ बिडदी येथे कारखाना उभा राहिला. २०२२ च्या नोव्हेंबरात विक्रम किर्लोस्कर निवर्तले. पण त्यांनी जुळविलेली सोयरीक टिकली आहे.

क्वालिस ही मूळची इंडोनेशियाची. तिकडे तिला ‘किजांग’ म्हणत, म्हणजे भेकर. रूप म्हणाल तर पेटीसारखे. पण अंग चिवट, इंजिन साधे आणि कुटुंब कितीही मोठे असो, सामावून घेणारे पोट. २००५ साली तिची विक्री बरी चालू असतानाच कंपनीने ती बंद करून इनोव्हा आणली. पुष्कळांना हा वेडेपणा वाटला. पण खपतो म्हणून तोच माल खपवीत बसू नये, हे त्या माग सुधारणाऱ्या घराण्याचे जुनेच वळण. इनोव्हा स्वस्त कधीच नव्हती. नवी घ्यायची तर मध्यम मिळकतीच्या माणसाच्या तोंडचे पाणी पळते. तरीही लोक जुनी का होईना, पण तीच शोधतात. आजोबांना मधल्या आसनावर पाय मोकळे सोडता येतात, तालुक्याच्या गावीही तिची नस ओळखणारा मिस्त्री भेटतो आणि रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन नांदेड गाठायचे असले तर ती दगा देणार नाही, असा मनाला धीर असतो. या धीरालाच लोक किंमत मोजतात.

पण पारख करायची तर डावी बाजूही पाहिली पाहिजे. याच कंपनीला २००९-१० साली सदोष गाड्यांपायी लक्षावधी मोटारी परत बोलवाव्या लागल्या आणि साकिचीचा पणतू अकिओ टोयोडा याला २०१० च्या फेब्रुवारीत अमेरिकन लोकप्रतिनिधींपुढे उभे राहून माफी मागावी लागली. आपण प्रमाणाबाहेर वेगाने वाढलो, हे त्याने तेथे मान्य केले. बिडदीलाही २०१४ व २०२० साली कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात बेबनाव होऊन टाळेबंदीपर्यंत पाळी गेली. धागा कोणाचाही तुटतो, थोरामोठ्यांचाही. तो तुटल्याचे कळूनही माग रेटत राहणे, हा खरा अपराध.

हे सारे आज सांगण्याचे कारण असे, की ही सोयरीक आता आपल्या दारी येते आहे. २०२४ च्या जुलैत महाराष्ट्र सरकार व टोयोटा किर्लोस्कर यांच्यात छत्रपती संभाजीनगर येथील नव्या कारखान्यासाठी करार झाला. सुमारे २०,००० कोटी रुपयांची ही योजना. परभणीहून मनमाडच्या गाडीत बसले की काही तासांवर ते शहर. आमच्या काळ्या जमिनीने पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकविला, तो गाठोड्यांत बांधून परगावच्या मागांवर धाडला आणि त्याचे कापड विकत आणून नेसलो. पोरेही तशीच धाडली, पुण्या-मुंबईला. आता त्यांच्यासाठी जवळच काम उभे राहणार असेल, तर आनंदच आहे.

मात्र त्या कारखान्याच्या दारात आमची पोरे कोणत्या तयारीने उभी राहणार, हे आपल्या हाती आहे. दार उघडणारा शिपाई व्हायचे, की दोरी ओढून ‘थांबा, इथे चुकते आहे’ असे सांगणारा कारागीर? दुसरे व्हायचे असेल, तर त्याची सुरुवात बिडदीत किंवा जपानात होत नाही. ती आमच्या वर्गात आणि तुमच्या घरात होते. पोराने खेळण्यातली मोटार फोडली तर पाठीत धपाटा घालण्याआधी, आत काय सापडले, एवढे त्याला विचारावे. त्याच्या पाचव्या ‘का?’ला कंटाळू नये.

या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या पाटावर वह्यांच्या शेजारी घरातला पाना आणि पक्कडही ठेवून पाहा. सुताराच्या आणि मास्तराच्या घरी लक्ष्मी आली होती, ती अवजारांच्या वाटेनेच.