कारखानदाराची लेखणी

पुण्याहून मुंबईच्या वाटेस लागलें म्हणजे खडकी, दापोडी, पिंपरी, चिंचवड हीं ठाणीं एकामागून एक येतात. चिंचवड हें गांव एके काळीं केवळ मोरया गोसाव्यांच्या समाधीमुळें ओळखलें जाई. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी स्थापन झाली, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि आज भोसरीवरून थेट चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागलेली आहे. मोठ्या कारखान्याचें नांव गाडीच्या कपाळावर झळकत असतें. परंतु त्याच गाडींतील एखादी स्प्रिंग ज्या लहानशा कारखान्यांत घडली, त्याच्या मालकाचें नांव ग्राहकाच्या दृष्टीस कधींच पडत नाहीं. असे लहान मालक अलीकडे आपल्या धंद्याविषयीं लेख लिहून प्रसिद्ध करूं लागले आहेत. हेतु उघड आहे. काम मिळावें, आणि आपल्या शब्दाला वजन यावें. साहित्यिक मंडळी या लेखनाकडे पाहून नाक मुरडतात. जेथें विक्रीचा हेतु आहे तेथें सत्याची आशा कशाला, असा त्यांचा सवाल असतो.

सवाल अगदींच चुकीचा नाहीं. पण तो नवा मात्र नाहीं, आणि त्याचें उत्तर आपल्याच इतिहासांत सांपडण्यासारखें आहे.

चाकणहून एक रस्ता तळेगांव दाभाड्यास जातो. तेथें १९०८ सालीं पैसा फंडाचा कांच कारखाना निघाला. प्रत्येकानें एक पैसा द्यावा व त्यांतून स्वदेशी उद्योग उभारावा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना होती. लोकमान्य टिळकांचा व 'केसरी'चा तिला पाठिंबा मिळाला. येथें लेखणी कारखान्याच्या आधीं चालली. भट्टी पेटण्यापूर्वीं लोकांची खात्री पटवावयाची होती, आणि तीहि अशा लोकांची कीं ज्यांना आपल्या पैशाची कांच कधीं बघावयासहि मिळणार नव्हती. तथापि त्या लेखनामागें देशकार्याचें तेज होतें. ज्याला उघडउघड आपला माल विकावयाचा आहे, त्यानें लोकांचा विश्वास कसा मिळवावा, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. त्यासाठीं दक्षिणेकडे किर्लोस्करवाडीस जावें लागतें.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवास सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला, आणि पुढें कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता, पण तो कोणी घेईना. लोखंडाच्या फाळानें जमिनींत विष भिनतें, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. पुढें बेळगांवची जागा सोडावी लागली, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ माळरान दिलें, आणि १९१० सालीं तेथें किर्लोस्करवाडी वसली. म्हणजे या घराण्याची पहिली अडचण भांडवलाची नव्हती, यंत्राचीहि नव्हती. ती समजुतीची होती. समजूत नुसत्या जाहिरातीनें बदलत नाहीं. 'उत्तम, मजबूत, स्वस्त' हे शब्द त्या काळीं वर्तमानपत्रांतल्या औषधांच्या जाहिरातींनीं इतके झिजवले होते कीं त्यांवर कोणाचाहि विश्वास उरला नव्हता.

या ठिकाणीं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव पुढें आले. हे मूळचे चित्रकार. लाहोरास पंडित सातवळेकर यांच्याकडे त्यांनीं चित्रकलेचे धडे घेतले होते. वाडीस आल्यावर कारखान्याच्या जाहिरातींचें काम त्यांच्याकडे आलें, आणि १९२० सालीं त्यांनीं 'किर्लोस्कर खबर' हें मासिक सुरू केलें. नांवावरूनच त्याचा जन्म कळतो. कारखान्याची खबर गिऱ्हाइकापर्यंत पोंचवावी, हा त्याचा मूळ उद्देश. ही कल्पना मराठींत त्या वेळीं बरीच धाडसाची होती. कारखान्यानें यंत्रें करावींत, मासिकें पुण्यामुंबईच्या विद्वानांनीं काढावींत, अशी कामाची वांटणी ठरून गेलेली होती. माळरानावरच्या एका कारखान्यानें ती मोडली.

शंकररावांचें मर्म असें कीं त्यांनीं वाचकाला गिऱ्हाईक म्हणून कमी आणि वाचक म्हणून अधिक ओळखलें. नांगराची स्तुति किती वेळ वाचावी? शेतकरी असो वा दुकानदार, त्याला स्वतःच्या धंद्याविषयीं, हिशेबाविषयीं, बाहेरच्या जगांतल्या नव्या साधनांविषयीं कळून घ्यावयाचें असतें. 'यशस्वी धंद्याचा मार्ग', 'व्यापाराचें व्याकरण' अशीं पुस्तकेंहि त्यांनीं लिहिलीं. उद्योग हा शहाण्या माणसानें विचार करण्याचा विषय आहे, ही गोष्ट मराठी मध्यमवर्गाच्या गळीं उतरविणें सोपें नव्हतें. या वर्गाला नोकरीचें पंचांग पाठ होतें, धंद्याचें नव्हतें. व्यंगचित्रांची जोड होतीच. त्यांची 'टाकांच्या फेकी' ही चित्रमाला जुन्या वाचकांच्या स्मरणांत आहे.

हळूहळू खबर मागें पडली. नांवांतूनहि 'खबर' हा शब्द गेला आणि नुसतें 'किर्लोस्कर' उरलें. १९३० सालीं 'स्त्री' व १९३४ सालीं 'मनोहर' अशीं आणखी दोन मासिकें त्याच माळरानावरून निघालीं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचे निबंध 'किर्लोस्कर'मध्यें आले. बुवाबाजीवर या मासिकानें मोहीमच उघडली. येथें थोडें थांबलें पाहिजे, कारण माझ्या मतें सगळ्या प्रकरणाची कसोटी हीच आहे. बुवाच्या पायां पडणारा मनुष्य आणि नांगर विकत घेणारा मनुष्य हे बहुधा एकच असत. व्यापारी शहाणपण असें सांगतें कीं गिऱ्हाइकाच्या श्रद्धेला हात लावूं नये. शिवाय मासिकाच्या माथ्यावर कारखान्याचेंच नांव होतें. संपादकावरचा राग मालावर निघावयास वेळ लागला नसता. तरीहि तें लेखन बंद झालें नाहीं. लोखंडानें जमीन विषारी होते म्हणणारी बुद्धि आणि अंगाऱ्यानें रोग बरा होतो म्हणणारी बुद्धि एकाच मुशींतली आहे, हें या घराण्याइतकें अनुभवानें कोणास ठाऊक असणार? म्हणून मला वाटतें, ती मोहीम धंद्याला सोडून नव्हती. फार लांबून का होईना, ती नांगराचीच बाजू मांडीत होती.

कोणी म्हणेल, मग ही जाहिरातच झाली. फक्त अधिक कावेबाज. मला तसें वाटत नाहीं. कावेबाज लेखक वाचकाला दुखवीत नाहीं. 'किर्लोस्कर'नें दुखवलें, आणि त्या दुखवण्यांतूनच त्याचा शब्द खरा मानला जाऊं लागला. हेंहि कबूल केलें पाहिजे कीं प्रत्येकाला हें साधणार नाहीं. मागें पंतप्रतिनिधींसारखा आश्रयदाता असणें आणि महिन्याच्या बिलाची वाट पाहणारा भोसरीचा कारखानदार असणें, यांत अंतर आहे. ज्या बड्या कारखान्याला तो माल पुरवितो त्याच्या दोषाविषयीं एक ओळहि लिहिण्याची त्याची प्राज्ञा नसते. पण आपल्याच कामांत काय फसलें, कोणता धातु तापावर टिकला नाहीं, कोणती घाई महागांत पडली, एवढें तो लिहूं शकतो. आणि असें लिहिणारे जे थोडे आहेत त्यांचे लेख मी आवडीनें वाचतों.

१९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल एंजिन्सचा कारखाना खडकीस, म्हणजे या पट्ट्याच्या उंबऱ्यावर, उभा राहिला. मासिकेंहि पुढें पुण्यास आलीं. तोंवर अनेक घरांत त्यांचा आणि नांगराचा संबंध विसरला गेला होता. तिन्ही मासिकांच्या नांवांची आद्याक्षरें जोडून 'किस्त्रीम' या नांवाचा दिवाळी अंक निघूं लागला, त्यांत कारखान्याच्या नांवापैकीं एकच अक्षर उरलें.