इंद्रपुरीच्या वर्गात ज्यूसंहाराचा इतिहास

भोपाळमध्ये 'गॅस' हा शब्द इतर गावांतल्यासारखा सहज उच्चारता येत नाही. 'गॅसपीडित', 'गॅस राहत' हे तेथील नित्य व्यवहाराचे शब्द होत. इंद्रपुरी ही वसाहत भेलच्या कारखान्याच्या बाजूस, युनियन कार्बाइडपासून दूर असली, तरी तेथील सहावी-सातवीच्या मुलांसही तो शब्द घरातच मिळालेला असतो. अशा वर्गात शिक्षकाने आउश्विट्सच्या विषवायूच्या कोठड्यांचा विषय काढला, तर मुलांच्या मनात पहिली जोड कोणती लागेल, हे सांगावयास नको.

ही जोड अगदीच निराधार नाही. आउश्विट्समध्ये वापरलेले झायक्लोन-बी हे मुळात कीटकनाशक होते. आणि भोपाळचा कारखानाही कीटकनाशकांचाच. कार्बाइडच्या भिंतीसमोर जे मातेचे व मुलांचे शिल्प उभे आहे, ते रूथ वॉटरमन ह्या डच शिल्पकर्तीने घडविले. तिच्या घराण्याने ज्यूसंहार भोगला होता. इंद्रपुरीच्या शाळेस प्रकल्प आरंभावयाचा असेल, तर ह्या शिल्पाहून जवळचे दार आम्हांस दिसत नाही.

परंतु त्या दारातून आत शिरल्यावर दोन वाटा वेगळ्या कराव्या लागतील. 2 व 3 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्री 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरून मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले, तेव्हा शीतयंत्रणा बंद होती. हजारो माणसे मेली. 2010 साली न्यायालयाने अधिकाऱ्यांस दोषी ठरविले ते निष्काळजीपणाबद्दल. गॅसपीडितांस ती शिक्षा फारच तोकडी वाटली, आणि आम्हांसही वाटते. तथापि तेथे कोणी मरणाऱ्यांची यादी आधी केलेली नव्हती. 20 जानेवारी 1942 रोजी बर्लिनजवळ वान्झे येथे मात्र उच्च अधिकारी बसले, त्यांच्यापुढे देशोदेशींच्या ज्यूंच्या संख्यांचे कोष्टक होते आणि त्या सर्वांचे काय करावयाचे ह्याची चर्चा झाली. सुमारे साठ लक्ष ज्यू मारले गेले. त्यांत पंधरा लक्ष मुले. एकीकडे माणसांच्या जिवाची पर्वा नव्हती. दुसरीकडे तो जीव घेणे हेच राज्याचे काम झाले होते. एवढा फरक सातवीच्या मुलास कळतो. तो न सांगणे हा मुलांचा कमीपणा मानणे होय.

अमेरिकेत टेनेसी राज्यातील विटवेल ह्या लहान गावच्या शाळेने 1998 साली साठ लक्ष क्लिपा गोळा करण्याचा संकल्प केला. नाझी अंमलाखालील नॉर्वेत लोक कोटावर क्लिप लावून निषेध दर्शवीत, म्हणून ही वस्तू निवडली. क्लिपा साठ लक्षांहून कितीतरी अधिक जमल्या आणि त्या एका जुन्या जर्मन रेल्वेडब्यात ठेवल्या गेल्या. संख्येची कल्पना मुलांच्या हातांना यावी, हा त्यातील हेतू खरोखर चांगला. पण ती युक्ती जशीच्या तशी उचलणे आम्हांस पटत नाही. क्लिपा मोजताना मेलेल्यांचा विचार मागे पडून ढिगाचाच अभिमान वाटू लागण्याची भीती असते. (आपल्याकडे प्रकल्प म्हटला की रंगीत कागद व चमकी ह्यांचे महत्त्व आधीच अवास्तव असते!)

भोपाळच्या मराठी कुटुंबांतील मुलांस आणखी एक धागा देता येईल. 1943 ते 1948 ह्या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले. त्यांच्याविषयी मराठीत लिहिताना 'हिटलरच्या तावडीतून सुटलेले' असे सर्रास लिहिले जाते. वस्तुतः त्यांतील बहुतेकांस 1940 व 1941 मध्ये स्टालिनच्या राजवटीने पूर्व पोलंडमधून सायबेरिया व मध्य आशियाकडे हद्दपार केले होते. 1941 मध्ये जर्मनीने रशियावर स्वारी केल्यावर त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ते इकडे आले. दुःख खरे, पण ते देणारा हात दुसरा होता.

म्हणून वर्गात तीन तक्ते लावावेत: भोपाळ, वळिवडे, आउश्विट्स. प्रत्येकाखाली मुलांनी एवढेच लिहावे: कोणी केले, कोणास केले, कागदावर आधी काय लिहिले होते, आणि कोणास थांबविता आले असते. भोपाळच्या तक्त्यासाठी त्यांनी आजी-आजोबांस विचारावे. आउश्विट्सखालच्या तिसऱ्या रकान्यात आगगाड्यांची वेळापत्रके येतील. भोपाळखाली, अपघातापूर्वीच दिल्या गेलेल्या आणि कोणी मनावर न घेतलेल्या सूचना.