हुन्नर आणि दाखला

१८५७च्या धामधुमीनंतर उत्तरेतले मोमीन विणकर बायकापोरांसह दक्षिणेकडे निघाले. मालेगाव, कामठी येथे त्यांनी माग मांडले. जिथे हाताला काम मिळाले, तिथेच घर झाले. आमच्या वऱ्हाडात बाळापूरच्या पागोट्यांचे नाव होते. पण १८६७ला मुंबई-नागपूर रेल्वे पुरी झाली. कापूस बाहेर गेला, गिरणीचे कापड आत आले आणि माग थंडावले.

१९७३ला तेलाचे भाव चढले, आखातात बांधकामे निघाली. अकोला-अमरावतीचे गवंडी, वेल्डर, फिटरही तिकडे गेले, मात्र एकटेच. कुटुंब न्यायचे तर तिथे ठरावीक पगाराची अट. १९८३च्या कायद्याने एजंटाला नोंदणी आणि कमी शिकलेल्या कामगाराला सरकारी परवानगी सक्तीची केली. पुढे दहावी उत्तीर्णांना त्या परवानगीतून सूट मिळाली.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. नववीतच मुलगा गॅरेजवर जातो. वडील म्हणतात, "सर, हुन्नर आला की बस." हुन्नर हवाच. पण दहावीचा दाखला, आयटीआयचे प्रमाणपत्र नसेल तर परमुलखात कारागीरही मजुराच्या भावाने जातो. मग बायकोमुले न्यायची कशी? त्या विणकरांना कुणी कागद विचारला नव्हता. आज पहिल्यांदा तोच विचारतात. म्हणून आम्ही घरोघरी जाऊन एवढेच सांगतो : एक वर्ष थांबा, दहावी होऊ द्या.