चला, खानदेशातल्या एरंडोलच्या गुत्त्यावर

मोबाइल, घड्याळ इथेच ठेवा. अंगात बंडी चढवा, डोक्याला मुंडासं गुंडाळा आणि माझ्यामागून या. साल 1875 च्या आसपासचं, महिना वैशाखाचा, दिवस बाजाराचा. अंजनी नदीच्या पात्रातली वाळू तापली आहे. तुम्ही अनवाणी आहात, तेव्हा पटापट पावलं उचला. वाट विचारायची गरज नाही, नाक पुढे करा. धूळ, शेण, बैलांचा घाम आणि कुठेतरी भाजल्या जाणाऱ्या मिरच्यांचा ठसका ओलांडून एक आंबूस गोडसर वास येतोय ना? तो मोहाचा. त्याच्या मागे चालत राहा.

हा आला कलालाचा, म्हणजे दारू गाळून विकणाऱ्याचा गुत्ता. दार बुटकं आहे, डोकं सांभाळा. बाहेरच्या उन्हातून आलात, म्हणून घटकाभर काही दिसणार नाही. आधी आवाज ऐकू येतील. म्हसावद स्टेशनावर कापूस टाकून परतलेले गाडीवान मोठमोठ्यानं भावावरून वाद घालताहेत. कोपऱ्यात कुणीतरी बेसूर गातंय. एक हात तुमचं मनगट धरून खाली ओढतो: "या भाऊ, बठा. कोनता गावना?" कुठलंही गाव सांगा. त्या गावात त्यांचा कुणीतरी मेहुणा निघतोच, आणि तुम्ही पाहुणे होता.

बसण्याआधी परसात डोकावून या. मोहाची वाळलेली फुलं रांजणात पाण्यात भिजत घातली आहेत. कान लावा, आत बुडबुडे फुटताना चुरचुर ऐकू येते. पलीकडे चुलीवर भट्टी लागली आहे. भांड्याच्या तोंडाशी ओल्या मातीचा लेप, त्यातून निघालेली बांबूची नळी आणि नळीखाली पाण्यात बसवलेलं मडकं. वाफ थंड होऊन थेंबाथेंबानं मडक्यात उतरते. भट्टीजवळच्या पोऱ्याच्या अंगावरून घामाच्या धारा वाहताहेत. उन्हाची झळ आणि जाळाची झळ, दोन्ही त्याच्याच वाट्याला.

आता घ्या पळसाच्या पानाचा द्रोण. सावकाश! दोनदा गाळलेली आहे. घसा जळतो, डोळ्यांत पाणी येतं, मग धुराची आणि फुलाची चव मागे उरते. तोंडात मूठभर फुटाणे टाका, कांद्याची फोड चावा. शेजारचा तुमच्या पाठीवर थाप मारून हसतोय. दिवसभर नांगराच्या नाहीतर मालकाच्या मागे वाकलेली माणसं इथे पाय पसरून बसतात आणि आपल्या अहिराणीत मनसोक्त बोलतात. हे सुख खोटं नाही.

पण दाराबाहेरही बघा. ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलंय, ते इथेही उन्हातच बसलेत आणि त्यांच्या द्रोणात दारू वरून, हात लागणार नाही अशी ओतली जाते. पैसे मात्र त्यांचेही तेवढेच घेतले जातात.

त्या भिल्ल म्हाताऱ्याशेजारी जरा टेका. पहाटे अंधारात झाडाखाली वेचलेली फुलं टोपलीभर घेऊन तो आलाय. त्याच्या घरी हीच फुलं वाळवून, शिजवून पोटाला लागतात. दारू गाळण्याचा हक्क मात्र मक्तेदाराचा. म्हणून तो फुलं स्वस्तात विकतो आणि त्यांचीच दारू पैसे मोजून पितो. 1878 च्या अबकारी कायद्यानंतर सरकार गावोगावच्या अशा भट्ट्या हळूहळू मोडीत काढील. गाळण्याचा हक्क म्हाताऱ्याकडे तेव्हाही येणार नाही.

कलालासमोर उधारीची जाड वही उघडी आहे. कागद इथलाच, एरंडोलच्या कागद्यांनी बनवलेला, खरबरीत आणि चिवट. बोरू कुरकुरतोय. मोडीच्या एकेका ओळीत कुणाची मजुरी, कुणाचा पुढच्या हंगामाचा कापूस अडकलाय. इतक्यात दारात एक बाई उभी राहते, कडेवर पोर, हातात रिकामी पिशवी. ती कुणालाच शिव्या देत नाही. नवऱ्याच्या कमरेची चंची सोडवून घेते, आतले ढब्बू पैसे मोजते आणि मीठ-मिरची घ्यायला बाजाराकडे वळते. आज ती वेळेवर आली.

तुमचा द्रोण संपला का? मग उठा, आणि पैसे रोख द्या. कलाल गोड बोलेल, "राहू द्या, लिहून ठेवतो," म्हणेल. ऐकू नका. त्या वहीत एकदा नाव चढलं की पुढच्या चैत्रात फुलांची टोपली डोक्यावर घेऊन फेडायला तुम्हालाच यावं लागेल.