सात-चाळीसचा परवाना

सप्टेंबर 2015, पहिला पंधरवडा

या गोष्टीची सुरुवात समुद्रात झाली. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पाच्या पश्चिमेला पॅसिफिकवर 'लिंडा' नावाचं चक्रीवादळ उठलं, फोफावलं आणि थंड पाण्यावर जाऊन विरलं. पण वादळ मेलं तरी त्याचा ओलावा मरत नाही. तो उत्तरेकडे सरकत सरकत अमेरिकेच्या युटा राज्यावर येऊन पोहोचला.

तिकडच्या वाळवंटातही मॉन्सून असतो, आणि त्याला तिथले लोक मॉन्सूनच म्हणतात. साधारण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी ढग भरून येतात, एखाद्या डोंगरावर अर्धा-पाऊण तास कोसळतात, आणि तेव्हाच शेजारच्या डोंगरावर लख्ख ऊन असतं. आपल्यासारखी आठवडाभराची झड तिथे नाही. म्हणूनच डोक्यावरचं आकाश बघून निर्णय घेण्याची आपली सवय तिथे जिवावर बेतू शकते.

सोमवार, 14 सप्टेंबर, सकाळी 7.40

युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानाच्या परवाना खिडकीवर एका गटाला 'कीहोल कॅन्यन' या घळीत उतरण्याचा परवाना मिळाला. गटात सात जण, चार पुरुष आणि तीन बायका. पन्नाशीतले, बहुतेक कॅलिफोर्नियातल्या एका हायकिंग ग्रुपचे सदस्य. आपल्याकडे शनिवारी रात्रीच्या एसटीने निघणाऱ्या ट्रेकर मंडळींमध्ये सहज खपून गेले असते, असे लोक. चालण्याची सवय होती, एकमेकांची सोबत जुनी होती. दोरावरून घळीत उतरणं मात्र त्यांच्यातल्या काहींना नवीन होतं.

हवामान खात्याच्या त्या दिवशीच्या अंदाजात अचानक पूर येणं 'संभाव्य' होतं. ही माहिती खिडकीवर लावलेली असते आणि परवाना घेणाऱ्याला सांगितलीही जाते. परवान्यावर एक वाक्य छापलेलं असतं: तुमची सुरक्षितता ही तुमची जबाबदारी. रेंजर सावध करतो, अडवत नाही. माणसाने धोका समजून घ्यावा आणि स्वतः ठरवावं, या विचारावर अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं चालतात. मला तो विचार मुळात पटतो. आपल्याकडे पर्यटनस्थळी दर पावसाळ्यात सरसकट बंदीचा आदेश काढून मोकळं होण्यापेक्षा तो कितीतरी प्रौढ आहे. पण त्यात एक गृहीत धरलेलं असतं: ठरवण्याच्या क्षणी माणसाच्या हातात असलेली माहिती ताजी असते. सकाळच्या खिडकीवरची माहिती दुपारी शिळी होते.

सकाळ ते दुपार

कीहोल ही झायनच्या पूर्व भागातली छोटीशी घळ. झायन–माउंट कार्मेल रस्त्याला लागूनच. गाडी कडेला लावायची, थोडं चढून वर जायचं, खाली उतरायचं आणि दोन-तीन तासांत परत त्याच रस्त्यावर यायचं. म्हणूनच ती नवशिक्यांची आवडती. छोटे-छोटे दोर-टप्पे, मग गार पाण्याची डबकी, आणि शेवटी एक अंधारी, पाण्याने भरलेली चिंचोळी वाट, जी पोहूनच पार करावी लागते. ऊन तळापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे भर उन्हाळ्यातही वेटसूट घालावा लागतो.

साम्रदची सांदण दरी पाहिलेल्यांना अशा जागेची थोडी कल्पना येईल. मात्र सांदण बेसॉल्टची आहे, आणि पावसाळ्यात तिच्यात कुणी उतरत नाही. कीहोल आहे वालुकाश्माची. पाण्याने घासून घासून तिच्या भिंती गुळगुळीत आणि वळणदार केल्या आहेत. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. फोटोत जे वळण इतकं सुंदर दिसतं ते कशाने कोरलं, याचं उत्तर प्रत्येक वळणावर लिहिलेलं आहे.

पाचच्या सुमारास, म्हणजे पाणी आलं तेव्हा, हे सात जण आत होते. घळ पार करायला दोन-तीन तास लागतात. म्हणजे सकाळी हातात पडलेला परवाना आणि प्रत्यक्ष पाय पाण्यात टाकणं यांच्यामध्ये बराच दिवस निघून गेला होता. यात जगावेगळं काही नाही. कुठल्याही ग्रुपचा दिवस असाच लांबतो. गाड्यांची जुळवाजुळव, खाणं, सामान, कुणाचा हार्नेस नीट बसत नाही, कुणाला टोपी सापडत नाही. एरवी याची किंमत एवढीच, की परतताना अंधार पडतो.

दुपारी 2.22

हवामान खात्याने पुराचा इशारा दिला. आता शब्द 'संभाव्य' राहिला नव्हता, धोका समोर होता. काही मिनिटांतच झायनच्या प्रशासनाने सगळ्या अरुंद घळी बंद केल्या.

बंद केल्या म्हणजे काय? खिडकीवर नवे परवाने थांबले, पाट्या लागल्या, रेंजरना कळवलं गेलं. पण त्या भागात मोबाइलची रेंज जवळजवळ नसते. सकाळी परवाना घेऊन निघून गेलेल्या माणसापर्यंत दुपारचा इशारा पोहोचेल अशी कुठलीच सोय नव्हती. उद्यान सुमारे 600 चौरस किलोमीटरचं. प्रत्येक घळीच्या तोंडाशी एक रेंजर उभा करायचा म्हटलं तर तेवढी माणसंच नाहीत.

इशारा खोटा नव्हता आणि उशिराही आला नव्हता. तो वेळेवर आला, फक्त चुकीच्या ठिकाणी.

त्यानंतर

त्या सात जणांना शेवटचं पाहिलं ते त्याच घळीत निघालेल्या दुसऱ्या एका छोट्या गटाने.

घळीत उतरणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते, आणि नवख्यांना ती पहिल्याच टप्प्यावर कळते. दोर वरच्या आधाराला दुहेरी अडकवलेला असतो. शेवटचा माणूस खाली उतरला की दोराचं एक टोक ओढायचं आणि सगळा दोर खाली घ्यायचा, कारण पुढच्या टप्प्याला तोच लागणार असतो. दोर सरसरत खाली आला, की परतीची वाट संपली. वर चढायला गुळगुळीत भिंत, हाताला पकड नाही. आता बाहेर पडायचा रस्ता एकच, पुढे.

डोंगरात आपण स्वतःला सतत बजावत असतो, वाटलं तर मागे फिरू. सह्याद्रीतल्या बहुतेक वाटांवर ते खरंही असतं. इथे पहिला दोर ओढला की तो पर्याय आपल्याच हाताने काढून टाकलेला असतो. आणि गट सात जणांचा. प्रत्येक टप्प्यावर एक जण उतरणार, बाकीचे सहा थांबणार, त्यात नवखे असतील तर दोघांच्या मध्ये आणखी काही मिनिटं.

संध्याकाळी साडेचारनंतर

पाऊस आला. जवळच्या पर्जन्यमापकावर तासाभराच्या आत 0.63 इंच नोंदला गेला, म्हणजे सुमारे 16 मिलिमीटर.

हा आकडा मराठी वाचकाला फसवेल. महाबळेश्वरला किंवा ताम्हिणीत तासाला 16 मिलिमीटर पाऊस पडला तर कुणी हातातला चहाचा कप खालीही ठेवणार नाही. पण आपल्या डोंगरावर माती आहे, गवत आहे, झाडं आहेत; पहिलं पाणी ती पितात. झायनचा पूर्व भाग म्हणजे मैलोन् मैल उघडा खडक. त्यावर पडलेला थेंब मुरत नाही, थांबत नाही, लगेच वाहायला लागतो. आजूबाजूच्या सगळ्या उतारांवरचं पाणी खाली एका भेगेकडे धावतं, आणि ती भेग काही ठिकाणी हातभर रुंद असते. पाणी पसरू शकत नाही, म्हणून ते उंच होतं. सोबत वाळू, दगड, ओंडके. अशा लोंढ्यातून वाचलेले लोक सांगतात की पाणी दिसायच्या आधी त्याचा आवाज येतो आणि वारा अंगावर येतो. त्यानंतर हातात असतात ते क्षण, मिनिटं नव्हेत.

कीहोलमध्ये पाणी मोजणारं यंत्र नव्हतं. उद्यानातून वाहणाऱ्या व्हर्जिन नदीच्या उत्तर शाखेवर होतं. त्या शाखेतून सेकंदाला 55 घनफूट पाणी वाहत होतं, ते 15 मिनिटांत 2,630 घनफुटांवर गेलं. सेकंदाला साधारण दीड हजार लिटरवरून 74 हजार लिटर. रुंद पात्राच्या नदीची ही गोष्ट. तिला निदान पसरायला जागा होती.

पाचच्या सुमारास, हिल्डेल

त्याच ढगांच्या पट्ट्याखाली, ॲरिझोनाच्या सीमेवरच्या हिल्डेल गावात, शॉर्ट क्रीक नावाचा ओढा रस्त्यावर आला होता. एरवी कोरडाच असतो. दोन गाड्यांमध्ये तीन बायका आणि 13 मुलं होती. पाण्याने रस्ता अडवला म्हणून त्या थांबल्या होत्या, आणि मुलं ते गढूळ पाणी बघत होती. कोरड्या प्रदेशात पाणी आलं की सगळं गाव बघायला बाहेर येतं, यात नवल नाही. पाण्याची दुसरी लाट आली आणि दोन्ही गाड्या घेऊन गेली. 16 पैकी तीन मुलगे वाचले. 12 मृतदेह सापडले. सहा वर्षांचा एक मुलगा कधीच सापडला नाही.

ही मंडळी कुठल्या साहसाला निघालेली नव्हती. रस्त्यावर उभी होती.

संध्याकाळ आणि रात्र

कीहोलजवळ रस्त्याच्या कडेला लावलेली गाडी रेंजरना दिसली. गाडी आहे, माणसं नाहीत. पण घळीत पाणी इतकं होतं की शोधपथकाला आत उतरता येईना. पाणी ओसरण्याची वाट पाहण्यात रात्र गेली.

मंगळवार ते गुरुवार

एकेक करून मृतदेह सापडत गेले, काही घळीत, काही तिच्या खालच्या अंगाला. सातवा गुरुवारी, 17 तारखेला. आतलं कुणीच सांगायला उरलं नसल्याने त्यांची शेवटची वेळ फक्त नोंदींवरून जुळवावी लागते: पर्जन्यमापकाची, नदीवरच्या यंत्राची, आणि सकाळी 7.40 च्या परवान्याची.

17 सप्टेंबरला झायनच्या इतिहासात आधीच एक खूण होती. 1961 मध्ये त्याच तारखेला, त्याच उद्यानातल्या 'नॅरोज' या लांबलचक घळीत 26 जणांचा गट उतरला होता आणि अचानक आलेल्या पुरात त्यातले पाच जण गेले होते. 1997 च्या ऑगस्टमध्ये ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये 11 पर्यटक वाहून गेले. तिथे तर पाऊस दूर वरच्या अंगाला झाला होता. घळीवर जेमतेम शिंतोडे. अँटिलोपमधल्या त्या वेळच्या लाकडी शिड्या पाण्याबरोबर गेल्या. आता तिथे लोखंडी शिड्या खडकात घट्ट बसवल्या आहेत, आणि वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही.

झायनने वाटाड्याची सक्ती केली नाही. दुर्घटनेनंतर चर्चा भरपूर झाली. सकाळीच घळी का बंद केल्या नाहीत, असं लोकांनी विचारलं. प्रश्न स्वाभाविक आहे. पण मॉन्सूनमध्ये 'संभाव्य' हा शब्द अधूनमधून लागतच असतो, आणि त्यातल्या बहुतेक दिवशी कीहोलमधून लोक ओल्या कपड्यांनी, हसत, संध्याकाळी गाडीपाशी परत येतात. त्या सात जणांनीही तशाच दिवसांबद्दल ऐकलेलं असणार. धोक्याचा अंदाज खरा ठरेपर्यंत अनेकदा खोटा ठरलेला असतो, आणि ते अनेक दिवसच माणसाला शिकवत असतात.

आज नियम असा आहे: हवामान खात्याचा पुराचा इशारा लागू झाला की 'नॅरोज' बंद होते आणि इशारा उठल्यावर दोन तासांनी उघडते. नदीचा प्रवाह सेकंदाला 150 घनफुटांच्या वर गेला तरी बंद होते. घळींचे परवानेही इशारा असेपर्यंत दिले जात नाहीत. नियम चांगला आहे. फक्त त्या सोमवारी इशारा लागू झाला दुपारी 2.22 ला. हा नियम त्या दिवसाला लावून पाहिला, तरी सकाळी 7.40 चा तो परवाना मिळालाच असता.